ज्या गोष्टीला शेवट आहे ती निवड

एका तालुक्याच्या गावाहून आलेल्या लांबलचक पत्राचा हा सारांश. लिहिणारी २९ वर्षांची आहे. पतसंस्थेत नोकरी, घरी आईवडील आणि धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी तिने ऑनलाइन क्लास लावून जपानी शिकायला घेतलं, पुण्याला जाऊन एन-फाइव्हची, म्हणजे जपानीच्या सगळ्यात पहिल्या पातळीची परीक्षा दिली आणि पास झाली. क्लासमधल्या मैत्रिणीने तिला फोनवरचा एक ओतोमे गेम दाखवला. नायिका आपण, भोवती चार-पाच देखणे पुरुष, आणि कुणाशी जवळीक वाढवायची ते आपण ठरवायचं, असा हा खेळ. आठ महिने ती तो रोज खेळते आहे. सकाळी चहाच्या आधी लॉगिन, रात्री इव्हेंटसाठी जागरण. मागच्या महिन्यात तिच्या आवडत्या पात्राच्या वाढदिवसाचं खास कार्ड आलं, म्हणजे गोष्टीचा तुकडा जोडलेलं, गेममध्ये नशिबाने मिळणारं पान. त्यासाठी तिने एका रात्रीत ६,००० रुपये घातले आणि कार्ड मिळालं नाही. ती रडत बसली. भावाने पाहिलं आणि म्हणाला, "असल्या खोट्या पोरांवर पैसे उधळतेस?" दुसऱ्या दिवशी तिने बँकेचं स्टेटमेंट काढून बेरीज केली. आठ महिन्यांत २३,००० रुपये गेले होते. घरात तिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. ती लिहिते, "ताई, तो खरा नाही हे मला कळतं. पण रात्री तो 'आज दमलीस ना?' म्हणतो तेव्हा बरं वाटतं. घरात मला असं कुणी विचारत नाही. ओतोमे गेम असेच असतात, माणसाला ओढून घेणारे. माझ्यात काही बिघडलंय का? हे गेम कायमचे सोडून देऊ का? आणि बघायला येणाऱ्या मुलाला हे सांगायचं की लपवायचं?"

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते मिळाल्याशिवाय पुढचं काही तुझ्या कानात शिरणार नाही. तुझ्यात काहीही बिघडलेलं नाही. दिवसभर काउंटरवर लोकांच्या पासबुकांत डोकं घालून घरी आलेल्या मुलीला कुणीतरी "दमलीस ना?" म्हणावं असं वाटतं, यात कसला आलाय बिघाड. ते विचारणारा पडद्यावरचा आहे हे तुला माहीत आहे, तू ते लिहिलंही आहेस. कथेतल्या माणसाचा लळा लागतो, त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी येतं. भारत हरला म्हणून रात्री न जेवता झोपलेली माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत, आणि त्यांना कुणी वेडं म्हणत नाही. तुझ्या भावाचं वाक्य मनातून काढून टाक. त्याला पैशांची काळजी वाटली असेल तर ती रास्त आहे. तिच्याकडे आपण येऊच.

माझं अडलं ते तुझ्या दुसऱ्याच एका वाक्याशी. "ओतोमे गेम असेच असतात." तू आजवर एकच गेम खेळलीस, तोही एका विशिष्ट प्रकारचा, आणि त्यावरून सगळ्यांना एका माळेत ओवलंस. मी हे गेम बरीच वर्षं खेळते आहे. त्यांतले काही मला फार प्रिय आहेत, म्हणून ही माळ जरा सोडवून दाखवते. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

'ओतोमे' म्हणजे जपानीत तरुण मुलगी, हे तुला ठाऊक असेलच. या प्रकारातला पहिला गेम म्हणून ज्याचं नाव घेतात तो 'अँजेलिक' सप्टेंबर १९९४ मध्ये सुपर फॅमिकॉम या टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रावर आला. तो काढणारी कोएई ही कंपनी तेव्हा लढायांच्या आणि डावपेचांच्या ऐतिहासिक गेमसाठी ओळखली जायची. कंपनीच्या संस्थापकांपैकी केइको एरिकावा यांना बायकांनी बायकांसाठी केलेला गेम हवा होता. त्यासाठी त्यांनी 'रुबी पार्टी' नावाचा स्त्रियांचा गट उभा केला, आणि त्या गटाने हा गेम घडवला. त्यात अँजेलिक ही सतरा वर्षांची मुलगी विश्वाची पुढची राणी होण्यासाठी निवडली जाते. समोर रोझालिया ही दुसरी उमेदवार, मोठ्या घरातली आणि सगळ्यात तयार. दोघींना एकेक भूखंड वाढवायला मिळतो. नऊ संरक्षक असतात आणि प्रत्येकाकडे एकेक शक्ती: प्रकाश, अंधार, वारा, पाणी, अग्नी वगैरे. आपल्या भूखंडावरच्या लोकांना कशाची गरज आहे ते ओळखून त्या त्या संरक्षकाकडे जायचं, शक्ती मागायची, जाता येता त्याच्याशी बोलायचं. एका दिवसात करता येण्यासारख्या गोष्टी मोजक्याच, त्यामुळे आज राज्य सांभाळायचं की माणूस, हे सारखं ठरवावं लागतं. कुणावर मन जडलं आणि त्याचंही जडलं तर शेवटी सिंहासन सोडावं लागतं. किंवा प्रेम सोडून राणी व्हायचं. तीस वर्षांपूर्वीच्या या गेमने मुलींसमोर ठेवलेला प्रश्न मला आजही लहान वाटत नाही.

म्हणजे सुरुवातीला हा खेळ हिशेबाचा होता, नियोजनाचा होता. त्याच घराण्यातला पुढचा मोठा गेम म्हणजे कोनामीचा 'तोकिमेकी मेमोरियल गर्ल्स साइड', २००२ साली प्लेस्टेशन-टूवर आलेला. हायस्कूलची तीन वर्षं, आठवड्यामागून आठवडा. या आठवड्यात अभ्यास करायचा, खेळायचं, कला शिकायची की स्वतःकडे लक्ष द्यायचं, ते तू ठरवायचंस आणि त्याप्रमाणे नायिकेचे गुण आकड्यांत वाढतात. नुसतं राबवलं तर तिचा ताण वाढतो, म्हणून विश्रांतीही द्यावी लागते. रविवारी कुणाबरोबर तरी फिरायला जायचं, त्याला आवडेल असे कपडे निवडायचे. एका मुलाला हुशार मुलगी आवडते, दुसऱ्याला मैदानावर घाम गाळणारी. शेवटी पदवीदानाच्या दिवशी कुणीतरी येऊन मनातलं सांगतो, किंवा कुणीच येत नाही. इथे गोडगोड संवादांपेक्षा वेळापत्रक महत्त्वाचं. ज्यांना महिन्याचं बजेट वहीत मांडायला आवडतं त्यांना हा प्रकार फार रुचतो, आणि पतसंस्थेतल्या मुलीला रुचेल असं मला मनापासून वाटतं. अडचण एवढीच की या मालिकेचे गेम जपानीतच आहेत. एन-थ्रीच्या आसपास पोचलीस की बघ.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या प्रकाराकडे येते. यात आकडे नाहीत, वेळापत्रक नाही. वाचायचं, ऐकायचं आणि अधूनमधून एक निवड करायची. याला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात आणि आज 'ओतोमे' म्हटलं की जाणकारांच्या डोळ्यांसमोर बहुधा हेच येतं. उदाहरण 'हकुओकी'चं देते. २००८ मध्ये जपानात आला, २०१२ मध्ये इंग्रजीत. साल १८६३, क्योतो शहर. चिझुरू युकिमुरा नावाची मुलगी बेपत्ता झालेल्या डॉक्टर वडिलांना शोधायला मुलाच्या वेषात येते. पहिल्याच रात्री तिला बघू नये ते दिसतं, आणि शिन्सेन्गुमी तिला पकडून नेतात. शिन्सेन्गुमी म्हणजे शोगुनच्या, जपानच्या तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाच्या, बाजूने क्योतोत बंदोबस्त ठेवणारे तलवारबाज, इतिहासात खरे होऊन गेलेले. हिला मारायचं की ठेवायचं यावर तिच्या देखतच खल चालतो. आणि तिथून, त्या अविश्वासातून, कुणाशी तरी जवळीक वाढत जाते.

खेळायचं कसं, तर सुरुवातीचा भाग सगळ्यांना सामाईक. त्यात मधूनमधून निवडी येतात. बागेत जायचं की स्वयंपाकघरात? खरं सांगायचं की गप्प बसायचं? उत्तर समोरच्याच्या मनाला भिडलं तर पडद्यावर क्षणभर चेरीचा बहर चमकतो. पुरेसा बहर ज्याच्याकडे साठला त्याच्या वाटेला कथा वळते. या वाटेला 'रूट' म्हणतात. रूटच्या शेवटी चांगला शेवट, नाहीतर वाईट शेवट. वाईट शेवट आला तर रडायचं, आधी सेव्ह केलेल्या जागी परत जायचं आणि वेगळं उत्तर द्यायचं. एकदा वाचलेला भाग झरझर पुढे पळवता येतो. सगळ्या वाटा धुंडाळायला तीसेक तास सहज लागतात. मी एका पावसाळ्यात तो पूर्ण केला. शिन्सेन्गुमी हरणार हे पहिल्या पानापासून माहीत असतं, इतिहासच तो आहे. त्यांच्यातला ओकिता १८६८ मध्ये क्षयाने गेला, हिजिकाता १८६९ मध्ये हाकोदातेच्या लढाईत पडला. म्हणून त्या प्रत्येक हसण्याला एक कातर किनार असते. पानिपताची गोष्ट वाचताना आपल्याला जसं होतं, अगदी तसं.

आणि तू जपानी शिकतेस म्हणून सांगते. या गेममध्ये लिखाण इंग्रजीत असलं तरी आवाज जपानीच असतात, नायिका सोडून जवळजवळ सगळे बोलतात. कुणी स्वतःला 'ओरे' म्हणतो, कुणी 'बोकु', कुणी 'वाताशी'. तिन्हींचा अर्थ 'मी', पण प्रत्येकातून माणूस वेगळा दिसतो. आडनावाने हाक मारणारा पुरुष एके दिवशी पहिल्या नावाने हाक मारतो आणि दृश्य बदलून जातं. इंग्रजी वाचकाला तिथे काय झालं ते समजावून सांगावं लागतं. तुला-मला नाही लागत. 'अहो'वरून 'अरे'वर येताना जीभ कशी अडखळते ते आपल्याला घरातूनच माहीत आहे. परीक्षेच्या पुस्तकात न सापडणारी ही भाषा आहे.

या प्रकारातही पोटप्रकार आहेत. 'अम्नेशिया: मेमरीज'मध्ये सामाईक भाग नाहीच. नायिकेची स्मृती गेलेली, आणि सुरुवातीलाच पत्त्यांतल्या बदाम, इस्पिक, किलवर, चौकट यांपैकी एक जग निवडायचं. त्या जगात तुझा प्रियकर कोण हे तुलाच आठवत नाही, आणि आठवत नाही हे कुणाला कळू द्यायचं नाही. 'कॉलर मॅलिस'मध्ये तू टोकियोच्या शिंजुकू भागातली पोलीस आहेस, गळ्यात विषारी पट्टा अडकवलेला, गुन्ह्याचा तपास करायचा. तिथे काही निवडी वेळेच्या आत कराव्या लागतात. 'कोड: रिअलाइझ'मध्ये बाकीच्यांच्या वाटा पुऱ्या केल्याशिवाय ल्युपँ या मुख्य नायकाची वाट उघडतच नाही, कारण मुख्य रहस्य त्याच्यापाशी आहे.

एक सावधगिरीही. हे गेम सगळे मऊ नसतात. 'अम्नेशिया'च्या एका जगात नायिकेवर प्रेम करणारा तिला तिच्याच भल्यासाठी म्हणून पिंजऱ्यात कोंडतो. खेळणाऱ्या पुष्कळ जणींना अशी पात्रं आवडतात, आणि भीतीची गोष्ट वाचायला आवडणं वेगळं, भीतीत राहायला आवडणं वेगळं. तरीही मी तो भाग खेळताना थांबले होते. तुला थांबावंसं वाटलं तर थांब. ती वाट पूर्ण करणं तुझ्यावर बंधनकारक नाही.

मग फोन आले आणि खेळाची घडी बदलली. २०१६ मध्ये दक्षिण कोरियाच्या चेरित्झ कंपनीने 'मिस्टिक मेसेंजर' काढला. गेम म्हणजे एक चॅटचं अ‍ॅप. अकरा दिवस, खऱ्या घड्याळाप्रमाणे. चॅटरूम दुपारी बाराला उघडते, तशी पहाटे तीनलाही उघडते. वेळ चुकली तर बोलणं तुझ्याशिवाय होऊन जातं. मधेच फोन वाजतो आणि पात्र बोलायला लागतं. पाहुण्यांच्या ईमेलना उत्तरं देऊन शेवटच्या दिवशीच्या पार्टीसाठी माणसं जमवायची. कल्पना विलक्षण आहे, आणि झोपेची वाट लावणारी आहे. पण लक्षात घे, अकरा दिवसांनी ती संपते.

तुझा गेम यानंतरच्या घराण्यातला. त्याचं नाव तू लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये चीनमध्ये 'लव्ह अँड प्रोड्यूसर' आला आणि कार्डांवर चालणारे हे गेम फार वाढले. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या 'लव्ह अँड डीपस्पेस'मध्ये तर पात्रं त्रिमितीत आहेत, थेट तुझ्या डोळ्यांत बघतात, तुझ्याबरोबर लढाया लढतात, तू अभ्यासाला बसलीस तर समोर बसून राहतात. अशा गेममध्ये कथा एकसंध मिळत नाही. तिचे तुकडे कार्डांना बांधलेले असतात. कार्ड मिळतं ते नशिबाने. या पद्धतीला 'गाचा' म्हणतात. हा शब्द आला आहे गाचापोन या खेळण्यांच्या यंत्रावरून: नाणं टाकायचं, कळ फिरवायची, आत कोणतं खेळणं आहे ते न कळता गोळा बाहेर येतो. त्यावर मुदतीचे इव्हेंट, रोजची छोटी कामं, रोजच्या लॉगिनची बक्षिसं. एक दिवस चुकला की काहीतरी हुकलं, अशी रचना.

तुझी खरी दमणूक इथली आहे. 'आज दमलीस ना?' या वाक्याने तुला दमवलं नाही. त्या वाक्यापर्यंत पोचण्यासाठी रोज जे भरावं लागत होतं, त्याने दमवलं. 'हकुओकी'त हेच वाक्य, किंवा याहून खोल काही, एकदा पैसे देऊन तू हवं तितक्यांदा ऐकू शकतेस. तिथे कथा संपते, पुस्तक मिटतं, आणि तू दिवा मालवून झोपतेस. तुझ्या गेममध्ये कथेला शेवटच नाही, कारण शेवट झाला तर पुढचं कार्ड कोण घेणार? गेम निवडताना मी आता सगळ्यात आधी हेच बघते: याला शेवट आहे का? चित्रं सुंदर आहेत का, पात्रं कशी आहेत, हे नंतर.

आणि त्या ६,००० रुपयांचं. तू लिहिलंस, "माझं नशीबच फुटकं." समज, एखादं कार्ड मिळण्याची शक्यता शंभरात एक आहे. आपल्याला वाटतं, शंभर वेळा कार्ड ओढलं, म्हणजे नशीब आजमावलं, की येणारच. गणित तसं नाही. शंभर वेळा ओढूनही ते एकदाही न येण्याची शक्यता साधारण ३७ टक्के असते. म्हणजे तुझ्यासारख्या शंभर मुलींपैकी सदतीस जणी शंभर खेपांनंतरही त्या रात्री रिकाम्या हाताने रडतात. पुष्कळ गेममध्ये ठरावीक खेपांनंतर कार्ड नक्की मिळतं, पण ती हद्द किती लांब आहे हे आधी बघून मगच पाऊल टाकायचं असतं. जपानात तर ठरावीक कार्डांचा संपूर्ण संच जमवला तर मोठं बक्षीस, असा गाचा २०१२ मध्ये तिथल्या ग्राहक व्यवहार विभागाने बेकायदा ठरवला होता. शहाणीसुरती माणसं यात अडकतात, म्हणूनच सरकारला मध्ये पडावं लागलं. मी स्वतः असा एक गेम पाच महिने खेळले आहे. तुझ्या रकमेच्या निम्मे पैसे माझेही गेले. ती रात्र मला ठाऊक आहे.

मग सोडायचा का? तू 'कायमचं सोडून देणं' आणि 'असंच चालू ठेवणं' एवढे दोनच रस्ते मांडलेस. रागाच्या भरात अ‍ॅप काढून टाकणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. पंधरा दिवसांनी त्या ते परत घेतात, आणि मधले दिवस हुकले म्हणून जास्त पैसे घालतात. माझं ऐकशील तर आधी फोनमधून पैसे जायची वाट बंद कर. जोडलेलं कार्ड काढ, यूपीआयची परवानगी काढ. गेमची नोटिफिकेशन बंद कर. मग महिनाभर तो पैशांशिवाय खेळ, हवा तेव्हा, आणि रोज रात्री वहीत एकच ओळ लिही: आज यातलं काय आवडलं? महिन्याने ती वही वाच. 'त्याच्याशी बोललेलं आवडलं' असं बहुतेक दिवशी लिहिलं असेल तर तुला कथा हवी आहे, आणि ती शेवट असलेल्या गेममध्ये भरपूर मिळेल. 'लॉगिनचं काम संपलं म्हणून बरं वाटलं' असं जास्त असेल, तर तू खेळत नाहीस, हजेरी लावतेस. मग तो गेम सोडायला तुला जड जाणार नाही. आवडलेल्या प्रसंगांचे स्क्रीनशॉट काढून ठेव आणि सोड.

महिनाभर पैसे न घालता राहणं जमलंच नाही, उसने घ्यावेसे वाटले, घरात खोटं बोलावं लागलं, झोप आणि काम बिघडत गेलं, तर मात्र एकटीने झुंजू नकोस. १४४१६ हा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा क्रमांक आहे, मोफत, मराठीतही बोलता येतं. छंदाचा कधी नाद होतो आणि नाद कधी गळ्याशी येतो, हे ज्याचं त्याला उशिरा कळतं. समोरच्याला लवकर दिसतं.

गेमवर खर्च करणं मुळातच वाईट, असं मी म्हणणार नाही. पगार झाल्या दिवशी या छंदासाठी एक रक्कम ठरव, परवडेल एवढीच, आणि ती वेगळी काढ. शेवट असलेल्या गेममध्ये एकदा पैसे दिले की झालं. 'हकुओकी' आणि 'अम्नेशिया' दोन्ही स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात मिळतात, साध्या लॅपटॉपवर चालतात, सेलमध्ये बरेच स्वस्त होतात. थांब, सेलची वाट बघ. कथा कुठे पळून जात नाही. यात मुदत नसते, ही या प्रकाराची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट.

आता स्थळांचं. पहिल्याच भेटीत, चार मोठी माणसं बसलेली असताना, हे सांगायची गरज नाही. त्याला लपवणं म्हणत नाहीत. दोघं निवांत बोलाल तेव्हा छंदांचा विषय निघेल. तेव्हा जपानी शिकते, जपानी कथांचे गेम खेळते, त्यात प्रेमकथाही असतात, एवढं सरळ सांग. मग तो काय करतो ते बघ. हसून उडवतो, की 'म्हणजे कसं खेळतात?' असं विचारतो? तुला त्याच्याबद्दल बरंच कळेल. २३,००० रुपयांची गोष्ट मात्र लग्न ठरण्याआधी सांग. ती गेमची गोष्ट नाही, पैशांची आहे, आणि तोवर तू ती आवरलेली असशील, तर सांगणंही सोपं जाईल.

तू लिहिलंस की आता कुठलाच मुलगा आवडणार नाही, सगळ्यांची तुलना 'त्याच्याशी' होईल अशी भीती वाटते. तुलना होऊ दे. दमलीस का, असं आपल्याला कुणी विचारावं ही अपेक्षा मोठी नाही, ती सोडूही नकोस. फक्त एक फरक ध्यानात ठेव. गेममधल्या पुरुषाला न सांगता कळतं, कारण तुझा दिवस कसा गेला हे त्याला लिहिणाऱ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. खऱ्या माणसाला सांगावं लागतं. आणि तिथे तीन तयार उत्तरांतलं एक निवडायचं नसतं, विचारून वाट बघायची असते. पहिल्या भेटीत त्याला एखादा प्रश्न विचार आणि तो अडखळला तर अडखळू दे. चेरीचा बहर चमकणार नाही. तो बरा की वाईट हे चार-पाच भेटींतच कळेल.

आणि घरातही हे करून बघ. तुझ्या पत्रातली सगळ्यात बोचरी ओळ तीच होती, घरात कुणी विचारत नाही ही. घरात आईला तू किती दमतेस हे सांगितलं आहेस का कधी? एखाद्या संध्याकाळी चहा घेताना म्हण, "आई, आज फार दमले गं." त्यापुढे काही जोडू नकोस. बहुधा तिलाही कुणी हे विचारलेलं नसेल.

या सदराला ज्या आया लिहितात, लेकी 'मुलांशी प्रेम करायचे गेम' खेळतात म्हणून घाबरून, त्यांनाही यातच उत्तर आहे. मुलगी काय खेळते ते तिच्याजवळ बसून बघा, तिला गोष्ट सांगायला लावा. गेमवर वयोगट लिहिलेला असतो, तो वाचा, कारण काही कथांत कोंडून ठेवणं, हिंसा, मृत्यू असतात. आणि अल्पवयीन मुलीच्या फोनला तुमचं कार्ड जोडलेलं असू नये. फोन हिसकावून घेतलात तर ती खेळायची थांबणार नाही, तुम्हाला सांगायची थांबेल.

'हकुओकी' सुरू केलास तर एक सुचवते. पहिल्यांदा सैतोच्या वाटेने जा. इतिहासातला सैतो हाजिमे या सगळ्यातून वाचला, पुढे मेइजी काळात, म्हणजे शोगुनची सत्ता गेल्यानंतरच्या राजवटीत, पोलिसात नोकरीला लागला, त्यामुळे पहिल्या खेपेला जिवाला थोडी कमी धाकधूक. तो अगदी कमी बोलतो. 'आज दमलीस ना?' असं तो बहुधा विचारणार नाही, पण त्याच्या गप्प बसण्यातून तुला ते ऐकू येईल. ओकिताला शेवटी ठेव, आणि त्याचा शेवटचा भाग दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हाच खेळ. दर वेळी निवड करायच्या आधी सेव्ह करायला विसरू नकोस. आणि कुणाच्या वाटेने गेलीस ते मला कळव.